विद्येस आश्रय कोणाचा?

आमच्या केनवडच्या शिवारांत मृगाचा पाऊस झाला कीं ओट्याओट्यावर सोयाबीनच्या बियाण्याची गोष्ट निघते. कोणी 'जेएस ३३५'ची थैली आणलेली असते, कोणी 'एमएसीएस ११८८'ची, तर कोणी 'एएमएस' नांवाच्या एखाद्या वाणाची. हीं अक्षरें शेतकऱ्यांच्या तोंडीं इतकीं रुळलीं आहेत कीं त्यांचा अर्थ विचारण्याचें कोणास कारण पडत नाहीं. परंतु जन्मभर मुलांना शब्दांची व्युत्पत्ति सांगत आलेल्या माझ्यासारख्या मास्तरास स्वस्थ कसें बसवणार? चौकशी केली तेव्हां कळलें कीं 'जेएस' म्हणजे जवाहर सोयाबीन. हें वाण जबलपूरच्या कृषि विश्वविद्यालयाचें. 'एमएसीएस' हीं पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें. आणि 'एएमएस' हीं वाणें अकोल्याच्या कृषि विद्यापीठाच्या अमरावती येथील केंद्रांत सिद्ध झालेलीं. माती आमची, घाम आमचा. पण पिकामागील विद्या कोणत्या प्रदेशानें पोसली, हें थैलीवरचीं अक्षरें मुकाट्यानें सांगत असतात.

तेव्हांपासून एक प्रश्न मनांत घर करून बसला आहे. एक प्रदेश शास्त्रसंशोधनाचा सांभाळ करतो, दुसरा करीत नाहीं, असें कां व्हावें?

आमच्याकडे विषयांची वाण आहे, असें तर म्हणतां येणार नाहीं. लोणारचें सरोवर केनवडहून एका दिवसांत जाऊन येण्यासारखें आहे. काळ्या पाषाणांत उल्कापातानें झालेलें, सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें असें विवर पृथ्वीवर अत्यंत दुर्मिळ. पिढ्यान् पिढ्या आम्ही तेथें स्नानदानास गेलों, लवणासुराची कथा मुलांस सांगितली. तें विवर आघातानेंच झालें, याचा भक्कम पुरावा १९७३ सालीं मांडला तो अमेरिकेंतील स्मिथसोनियन संस्था व भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण येथील शास्त्रज्ञांनीं. २०२० च्या जून महिन्यांत सरोवराचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें, तेव्हां त्याचे नमुने नागपूरच्या 'नीरी'कडे व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. पाणी आटून क्षार वाढले आणि खाऱ्या पाण्यांत पोसणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या रंगद्रव्यानें हा पालट घडला, असा उलगडा झाला. त्या संस्थांनीं आपलें काम चोख केलें. त्यांना बोल लावण्याचें कारण नाहीं. परंतु सरोवराचा शेजार आम्हांस लाभला असतां त्याचें शास्त्र जाणणारीं माणसें आमच्या घरांतून कां निघूं नयेत?

विद्येच्या आश्रयाचे दोन प्रकार आपल्याकडे जुन्या काळापासून सांगतात: राजाश्रय व लोकाश्रय. त्यांत मी गृहाश्रय हा तिसरा मिळवितों. तिन्ही एकत्र आले तर विद्या नांदते. एक जरी नसला तरी ती दुसरें गांव पाहते.

चाळीसगांवजवळील पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख, जो एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणला, तो या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होते. त्यांनीं आजोबांचे ग्रंथ शिकविण्याकरितां तेथें मठ स्थापिला, व त्या भागाच्या निकुंभ घराण्यांतील राजांनीं त्यास उत्पन्न लावून दिलें. बाजारांतील मालावरचा कांहीं वांटाही मठाकडे गेला. म्हणजे ग्रहगणित शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या पोटांत राजाचें अन्न होतें, तसें बाजारकऱ्यांचेंही होतें. आणि आजोबांची विद्या नातवानें राखली, हा गृहाश्रय तर उघडच आहे.

लोकाश्रयाचें अर्वाचीन उदाहरण कलकत्त्याचें. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनीं लोकांकडून देणग्या जमवून १८७६ सालीं तेथें विज्ञानसंवर्धनाची संस्था काढली. पुढें एक तरुण सरकारी हिशेबी अधिकारी कचेरीच्या वेळेबाहेर त्या संस्थेंत जाऊन प्रयोग करूं लागले. तेच चंद्रशेखर वेंकट रामन. १९१० च्या सुमारास याच गृहस्थांची बदली कांहीं काळ नागपुरास झाली होती. माणूस तोच, बुद्धि तीच. परंतु नागपुरानें त्यांस कचेरी दिली, कलकत्त्यानें कचेरीजवळ प्रयोगशाळाही दिली. १९२८ सालचा रामन-परिणाम कलकत्त्याच्या खात्यावर जमा झाला, यांत नवल तें काय?

त्याच कलकत्त्याच्या विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर पुढें पुण्यास आले, आणि १९४६ सालीं महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी निघाली. आज तिच्या संशोधनसंस्थेस त्यांचेंच नांव आहे. दोन्ही संस्थांचीं इंग्रजी नांवें शेजारीं मांडून पाहिलीं तर त्यांचें नातें लपत नाहीं. एका डॉक्टरानें बंगाल्यांत मागितलेल्या वर्गणीचें पुण्य असें सव्वाशेंहून अधिक वर्षें फिरत फिरत केनवडच्या तिफणींत येऊन पडलें!

याच्या उलट आमच्याकडची हकीकत. जमशेटजी टाटा यांनीं १८७७ सालीं नागपुरास एंप्रेस मिल सुरू केली, कारण कापूस येथें जवळ होता. पुढें त्यांनीं विज्ञानाच्या उच्च अभ्यासाकरितां आपल्या मिळकतीचा मोठा भाग देऊं केला. संस्था निघाली ती मात्र बंगळुरास, १९०९ सालीं. कारण म्हैसूर दरबारानें ३७१ एकर जमीन व सालिना मदत पुढें केली. धनिकाचें औदार्य आणि राजाश्रय यांची गांठ तेथें पडली. नागपूरची ती गिरणी आतां बंद पडली आहे. बंगळूरची संस्था शंभरी ओलांडून नांदत आहे.

तथापि कपाळास हात लावून बसणेंही न्यायाचें होणार नाहीं. कामठीचे खाणमालक डी. लक्ष्मीनारायण यांनीं मृत्युपत्रानें नागपूर विद्यापीठाकडे सुमारें ३५ लक्ष रुपये ठेविले, व त्यांतून १९४२ सालीं तंत्रज्ञानाची मोठी संस्था उभी राहिली. पुढें 'नीरी' या नांवानें प्रसिद्धीस आलेली संस्था १९५८ सालीं, व कापूस संशोधनाची केंद्रीय संस्था १९७६ सालीं नागपुरास झाली. अकोल्याचें कृषि विद्यापीठ तर लोकांनीं झगडून मिळविलें. १९६७ सालच्या त्या चळवळींत गोळीबार होऊन माणसें मेलीं, आणि १९६९ सालीं विद्यापीठ स्थापन झालें. विद्येच्या स्थानासाठीं सामान्य लोकांनीं प्राण दिल्याचें असें उदाहरण किती प्रांतांत सांपडेल? मात्र प्राण देणें हें एका दिवसाचें धैर्य. त्यानंतरचें रोजचें पोसणें मागें राहिलेल्यांचें. आपण थकतों ते तेथें.

राजाश्रयाचे आंकडे पाहावे तर २०२०-२१ सालीं आपल्या देशाच्या एकंदर उत्पन्नापैकीं शेंकडा ०.६४ एवढाच भाग संशोधनावर खर्च झाला. दक्षिण कोरियांत हें प्रमाण शेंकडा साडेचारांच्याही वर आहे. आपल्या या तुटपुंज्या खर्चांतही सर्व राज्यसरकारांचा मिळून वांटा शंभरांत सातांच्या आंत. संशोधन हें दिल्लीचें काम, आपलें नव्हे, अशी प्रांतोप्रांतीं समजूत असल्याचें यावरून दिसतें. रस्ता, पाट, वीज यांचा अनुशेष आम्ही बोटांवर मोजतों. प्रयोगशाळेचा अनुशेष मोजावा, असें मनांतही येत नाहीं.

आतां गृहाश्रय. आमचें घर एकत्र आहे. चूल एक, मतें अनेक. धाकट्या बंधूंची नात अमरावतीस एम्. एस्सी. झाली व राष्ट्रीय परीक्षेंत तिनें संशोधनाची शिष्यवृत्ति मिळविली. जमिनींतील सूक्ष्म जीवांचा पांच वर्षें अभ्यास करण्याचा तिचा मानस. घरांत बैठक बसली. एक पुतण्या म्हणाला, "पांच वर्षांनीं हातीं काय लागणार? तेवढ्यांत बँकेंत चिकटली तर कायम होईल." दुसऱ्यास स्थळांची चिंता. मुलीनें आडपडदा न ठेवतां सांगितलें, "शिष्यवृत्ति मंजूर झाली तरी हातांत पडायला कधीं कधीं महिनेच्या महिने जातात, असें पुढच्या मुली सांगतात. तेवढे दिवस घरानें सांभाळलें तरच मी जाईन."

सगळे गप्प झाले. तेव्हां तिची आजी, जिनें चौथीपुढें शाळा पाहिली नाहीं, ती म्हणाली, "याच घरानें भाऊजींना पाठशाळेंत ठेवलें. तेव्हां व्याकरण घोकून पोट भरेल का, असें मामंजींनीं विचारलें नाहीं. ही पोर मातींत काय आहे तें शोधायला निघाली आहे, आणि आपण सगळे मातीवरच जगतों." यावर कोणापाशीं उत्तर नव्हतें. मुलगी गेली. तिला लागेल तो खर्च हंगामाच्या वहींत बियाण्याच्या सदराखालीं लिहावा, असें मीं बंधूंस सुचविलें. त्यांनीं हंसून तसा लिहिला.

हें आतांच लिहिण्यास कारण आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हावयाची आहे. अशा लहरी अमेरिकेंतील दोन वेधशाळांनीं २०१५ च्या सप्टेंबरांत प्रथम टिपल्या. आपल्याकडील वेधशाळेच्या दोन भुजा प्रत्येकीं चार किलोमीटर लांबीच्या असतील. केंद्रसरकारनें एप्रिल २०२३ मध्यें तिच्यासाठीं २६०० कोटि रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. ही जागा निवडण्याचें एक कारण मोठें विचार करण्यासारखें आहे: इकडची भूमि शांत, रेल्वे, मोठे रस्ते, कारखाने यांचे हादरे कमी. ज्यास आपण आजवर मागासलेपण म्हणून कपाळीं लावून घेतलें, तेंच येथें गुण ठरलें.

राजाश्रय असा दाराशीं चालून आला आहे. आतां पाळी उरलेल्या दोघांची. वाशिम-हिंगोलीकडील शाळांतून गणित व पदार्थविज्ञान मनापासून शिकवलें जावें. लग्नकार्यांतला एक दिवसाचा थाट कमी करून एखाद्या हुशार मुलाचें वर्ष निभावून द्यावें. गांवच्या वर्गणींत मंडपाबरोबर प्रयोगशाळेचेंही नांव निघावें. एवढें न झालें तर वेधशाळा आमच्या भूमीवर उभी राहील, आणि आमचीं मुलें तिच्या फाटकावर उभीं राहतील. फाटकावर उभें राहणें हें कमीपणाचें नव्हे. परंतु फाटकापासून आंतील यंत्रापर्यंत पोंचण्यास एखाद्या मुलास पांचसात वर्षें लागतात. तेवढा धीर त्याच्या घरानें धरावा, एवढीच सुज्ञ वाचकांस माझी विनंति आहे.