पलीकडे जाण्याचा प्रश्न

देऊळघाटला आमचं घर मोठ्या रस्त्याच्या अलीकडे आणि आईची बालमैत्रीण पलीकडे. बालमैत्रीण म्हणायचं आपलं. दोघींचं मिळून वय दीडशेच्या पुढे गेलं आहे. दुपारी चारचा चहा एक दिवस आमच्याकडे आणि एक दिवस त्यांच्याकडे, हा परिपाठ चाळीस वर्षं चालला. मग रस्त्याला छान डांबर मिळालं. चहाची बशी ठेवली तर हिंदकळणार नाही इतका रस्ता गुळगुळीत झाला, म्हणून गावात आम्हीच सर्वांत जास्त खूष. पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की आई चारचा चहा रोज घरीच घेते आहे.

"काहून जात नाहीस पलीकडे?" मी विचारलं.

"त्या ट्रकवाल्यायले घाई असते बाप्पा. मले नाही."

मी पडलो निवृत्त बँक कारकून. गोष्ट आकड्यात मांडल्याशिवाय मला कळत नाही. एक दिवस घड्याळ लावून आईला रस्त्यापलीकडे नेलं. पंधरा सेकंद लागले. ताशी ५० किलोमीटरनं धावणारी गाडी तेवढ्या वेळात २०० मीटरहून जास्त येते. म्हणजे आईनं पाऊल टाकण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे दोनशे मीटर मोकळे दिसायला हवेत. दिसत काय होतं? अलीकडे उसाच्या रसाची गाडी, पलीकडे सवारीची वाट पाहणाऱ्या दोन जीपा. त्या जीपांच्या फटीतून कासवासारखी मान बाहेर काढायची आणि तिच्यामागून पाय काढायचे की नाही, हे तेव्हा ठरवायचं!

मी रीतसर अर्ज केला. रस्ता कोणाच्या ताब्यातला, हे दोन कचेऱ्यांनी एकमेकींना विनयपूर्वक विचारलं आणि अखेर आम्हांला पांढरे पट्टे मिळाले. इंग्लंडमध्ये स्लाऊ नावाच्या गावी १९५१ साली असे पट्टे पहिल्यांदा रीतसर ओढले गेले. पट्ट्यावर पाऊल पडलं की गाडीनं थांबायचं, असा तिथला कायदा. आमच्याकडे पट्ट्यावर पाऊल पडलं की हॉर्न वाजतो. आईनं पट्टे पाहून विचारलं, "ही रांगोळी कोणाच्या लग्नाची?"

मग ठरलं, ब्रेकर टाका. ब्रेकर म्हटला की आपल्याकडे लोकांच्या अंगात गवंडी संचारतो. इंडियन रोड्स काँग्रेसचा १९८८ चा दंडक सांगतो की उंचवटा १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. म्हणजे गाडीनं त्यावर हळूच चढावं, हळूच उतरावं. आपण घालतो तो बैठकीतला लोड. त्यावरून स्कूटर गेली की नवरा पुढे जातो आणि बायको मागे राहते. माझ्या कंबरेनं या सूचनेला विरोध केला.

उत्तर सापडलं ते एका लग्नात. शेजारच्या गल्लीतल्या लग्नाचा मांडव नेहमीप्रमाणे रस्त्यावर आला आणि दोन खांबांनी निम्मी वाट अडवली. काय सांगू! जे ट्रक एरवी आरोळी ठोकत जात, ते आरसे मिटून, नव्या सुनेसारखे खालमानेनं जाऊ लागले. आई त्या दिवशी तीनदा पलीकडे गेली. त्यातल्या एकदा तिला काही काम नव्हतं. संध्याकाळी म्हणाली, "हे लग्न चार-सहा महिने चालत नाही का?"

डांबर तेच, ड्रायव्हर तेच. वाट तेवढी अरुंद झाली होती. पुढे वाचलं, की न्यूयॉर्कनं २००९ साली टाइम्स स्क्वेअरमध्ये हेच केलं. पिंपं मांडून गाड्या अडवल्या आणि मोकळ्या जागेत दुकानातून आणलेल्या स्वस्त घडीच्या खुर्च्या टाकल्या. पक्कं बांधकाम पुढच्या वर्षांत झालं. एवढ्या मोठ्या शहरानं शेवटी मांडवच घातला की!

पंक्चरवाल्याकडून बारा टायर फुकट मिळाले. शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांनी खो-खोच्या मैदानाचा चुना दिला. तोंडी परवानगी मिळाली. लेखी मागू नका, असा सल्लाही मिळाला. टायर पांढरे करून पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना रस्त्यात थोडे पुढे सरकवून मांडले. रसवाला लिंबाच्या सावलीत जायला तयार झाला. अडले ते जीपवाले. सवारी इथंच मिळते, वीस पावलं पुढे कोण येईल, असा त्यांचा सवाल. तो खोटाही नव्हता. मी गाडीचा वेग आणि आईचा वेग यांचं गणित सांगितलं; त्यांनी तंबाखू मळली.

मग मास्तर म्हणाले, "मागच्या पावसाळ्यात शाळेतलं पोट्टं इथंच उडालं होतं ना?"

त्या पोराचा पाय मोडला होता. अजून थोडा लंगडतो. जीपांच्या फटीतूनच तो बाहेर आला होता. जीपवाल्यांपैकी एकाचा तो भाचा. त्यानं तंबाखू थुंकली, कोणाशी काही न बोलता गाडीत बसला आणि जीप वीस पावलं पुढे नेऊन लावली. दुसराही निमूटपणे त्याच्या मागे गेला. सवाऱ्या तिथंही येतात.

एकूण खर्चात चुन्यापेक्षा चहाचा आकडा मोठा निघाला. आईचे पंधरा सेकंद नवावर आले. रात्रीच्या गाड्या अजून बेफाम जातात; टायरांना चकाकणारी पट्टी लावायची आहे. दोन टायर गायब झाले. त्यातल्या एकात सदाफुली फुललेली मी पाहिली आहे. घर ओळखीचं असल्यामुळे बोलता येत नाही.

परवा पावसानं चुना धुऊन निघाला. मी म्हटलं, उघडीप पडली की बघू. चारला दहा मिनिटं कमी असताना आईनं चुन्याची बादली आणून माझ्या खुर्चीपाशी ठेवली.

"आज चहा तिच्याकडे हाय," ती म्हणाली.