पाठीवरचं बिऱ्हाड

घराला ठाम बसायचं असतं, गाडीला हलायचं. दोघांचा संसार एकाच पत्र्यात मांडला की कुरकुर ठरलेली. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग, ओटा आणि टाकी बसवायची तर आधी ही कुरकुर ऐकायला शिकावं लागतं. सुताराचा हात खिळ्याकडे जातो. पण कन्नडचा औट्रम घाट उतरेपर्यंत खिळा ढिला होतो. इथं नटबोल्ट हवेत, खाली रबर हवं. चिकलठाण्याच्या एमआयडीसीतला फॅब्रिकेटर तर बजावूनच सांगतो, "साहेब, एकदम फिट्ट नको. थोडं खेळू द्या."

ही गाडी आकुर्डीच्या कंपनीची. बजाज टेम्पोनं १९८७ मध्ये ती मर्सिडीजच्या टी-वन व्हॅनवरून आणली. जुन्या गाड्यांतलं इंजिनही मर्सिडीजच्याच परवान्याचं: ओएम ६१६, चार सिलिंडर, सुमारे २.४ लिटर. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्यानं हेच इंजिन असलेली मर्सिडीज ४६ लाख किलोमीटर पळवली आणि २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयाला दिली. (इंजिनं आलटून पालटून, अर्थात.) आपल्याकडे याच इंजिनानं वऱ्हाडं नेली, शाळेची पोरं नेली. घाई त्याच्या स्वभावातच नाही. थंडीत आधी हीटर द्यायचा, प्लग तापू द्यायचे, मगच स्टार्टर मारायचा.

त्याचं खरं दुखणं म्हणजे डिझेलच्या लायनीत हवा धरणं. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप दाबत बसायचं. हे करताना मला आमच्या शहरातली जुनी पाणचक्की आठवते. दूरच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून येतं, भिंतीत वर चढतं आणि हौदात कोसळतं. ते नळ टाकणाऱ्यांनी अडकलेल्या हवेला किती शिव्या दिल्या असतील!

पाण्याचा हिशेब मात्र आम्हा शहरवासीयांना शिकवावा लागत नाही. जायकवाडी धरण इतकं जवळ असून नळ कित्येक दिवसांआड येतो. बादलीभर पाण्यात काय काय उरकतं हे घरीच कळलेलं असतं. गाडीत फक्त वजन नव्यानं मोजायचं. एक लिटर म्हणजे एक किलो. टाकी मागच्या चाकांच्याही मागे ठेवली की शेपूट जड होतं, स्टिअरिंग हलकं पडतं आणि पाटे बसतात. म्हणून ती दोन्ही आसांच्या मध्येच हवी.

गाडीतल्या घरांवरच्या परदेशी पुस्तकांत थंडी अडवायच्या युक्त्या पानोपानी असतात. इथं मे महिन्यात पत्र्यावर पापड वाळतील. छताला आतून थर्माकोल, वरून पांढरा रंग, आणि मधलं इंजिनाचं झाकण तापू नये म्हणून जाड अस्तर. एवढं केल्यावर दुपारी आत बसवतं. झोपवतं असं म्हणणार नाही.

आणि कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. आसनं काढून पलंग टाकायचा तरी आधी आरटीओचा उंबरा. मला हा नियम जाचक वाटत नाही. कापलेला ढाचा घाटात कसा वागेल याची हमी कोण देणार? छत कापून उंच करायचा बेत त्यामुळे सोडला. आत सगळे वाकून चालतात. सहा फुटी मेव्हण्याला सहलीचं आमंत्रण जरा उशिरा जातं, इतकंच.