चौघांचें घर

मुलांना वळण कसें लावावें, या विषयावर जगांतील थोर ग्रंथकारांनीं जें कांहीं लिहून ठेवलें आहे, तें वाचतांना अलीकडे आमच्या मनांत एक कुत्सित शंका डोकावूं लागली आहे. मातापितर आणि अपत्यें यांजवर निबंध लिहिणारा बेकन स्वतः निपुत्रिक होता. 'एमिल' हा शिक्षणविषयक ग्रंथ १७६२ सालीं जगाच्या हातीं ठेवणाऱ्या रूसोनें आपलीं पांचही अपत्यें अनाथालयाच्या स्वाधीन केलीं होतीं. ज्याच्या विचारांचा पगडा आपल्याकडील आगरकरांवर बसला, त्या स्पेन्सरनें १८६१ सालीं शिक्षणावर पुस्तक प्रसिद्ध केलें खरें. परंतु हा गृहस्थ जन्मभर अविवाहित राहिला. या तिघांपैकीं एकाच्याही दिवाणखान्यांत पावसाळ्यांतल्या रविवारीं दुपारीं चार मुलगे कोंडलेले नव्हते, ही गोष्ट त्यांचे सिद्धांत वाचतांना विसरतां कामा नये. प्लेटोविषयीं मात्र आमचा आदर वाढला आहे. कायद्यांविषयींच्या आपल्या संवादांत त्यानें, सर्व पशूंमध्यें लहान मुलगा हाच आवरण्यास अधिक कठीण, असा निर्वाळा देऊन ठेवला आहे. त्यानें हें कोठें पाहिलें असेल तें असो. पण पाहिलें होतें एवढें निश्चित.

आम्हांस चार पुत्र आहेत. थोरला पंधरा वर्षांचा, दुसरा बारा वर्षांचा. त्यानंतर आणखी एक अपत्य असावें असें आम्हां उभयतांस वाटलें, तेव्हां दुकानदार हल्लीं एकावर एक फुकट देतात त्या न्यायानें दैवानें जुळें पदरांत टाकलें. तें जुळें आतां नऊ वर्षांचें आहे. आमचा विवाह उशिरां झाला. त्यामुळें बरोबरीचे मित्र नातवंडांच्या गोष्टी सांगूं लागले असतां आम्ही मात्र चेंडूच्या माऱ्यांत सांपडूं नये म्हणून स्वतःच्याच घरांत भिंतीच्या कडेकडेनें चालत असतों. महाविद्यालयांत दीडशें विद्यार्थ्यांचा वर्ग आमच्यासमोर निमूट बसतो. त्यांतले निम्मे बांकाखालीं मोबाइल पाहत असतात म्हणून तो निमूट असतो, हें आम्ही जाणतों. तथापि त्या दीडशें जणांना आवरणें आणि घरच्या चौघांना आवरणें या दोन व्यवसायांचा परस्परांशीं कांहींएक संबंध नाहीं.

ज्यांच्या घरीं एकुलता एक मुलगा आहे अशा वाचकांची समजूत असते कीं, चार मुलांचा त्रास एका मुलाच्या चौपट असावा. हें गणित फसवें आहे. चौघांत दोघादोघांच्या जोड्या सहा होतात, तिघातिघांचे कट चार होतात, आणि चौघांची एकजूट एक. म्हणजे एकंदर अकरा आघाड्या झाल्या; आणि त्या अकराही एकाच दुपारीं जन्मास येऊन मोडल्याचें आम्हीं या डोळ्यांनीं पाहिलें आहे. घरांत दररोज तीन लिटर दूध येतें आणि रात्रीं चहापुरतें उरत नाहीं. पोळ्या करावयास येणाऱ्या मावशींनीं पहिल्याच आठवड्यांत आमच्या पत्नीस विचारलें होतें, "वहिनी, तुम्ही डबे देतां का हो?"

तंटे मिटविण्याचें काम आमच्याकडे असतें. 'सुरुवात कोणीं केली?' हा या न्यायालयांतील एकमेव वादविषय. १८७२ सालचा पुराव्याचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं नवा अधिनियम आला. आमच्या घरीं दोन्ही सारखेच निरुपयोगी. चौघेही फिर्यादी, चौघेही आरोपी आणि चौघेही साक्षीदार अशा खटल्याची कल्पना कोणत्याच कायदेपंडितानें केलेली दिसत नाहीं. शिवाय निकाल लागण्यापूर्वींच पक्षकार एकमेकांच्या गळ्यांत हात टाकून फ्रिज उघडावयास गेलेले असतात, आणि न्यायाधीश तेवढे तावातावानें बोलत उभे असतात.

आमचें स्वतःचें बालपण नारायण पेठेंतील एका वाड्यांत गेलें. १९६१ सालीं पानशेतचें धरण फुटून आलेल्या पुरांत नदीकांठचे पुष्कळ वाडे कोसळले. आमचा भिजला, पण उभा राहिला. आमचा जन्म त्यानंतरचा. सात बिऱ्हाडें, दोन चौक, एक आड, मागल्या बाजूस पेरूचें झाड आणि सरपण ठेवण्याचा माळा. तेथें एकंदर मुलें किती, याची मोजदाद कोणीं केल्याचें स्मरत नाहीं. दंगा तेथेंही होता, पण त्यास जिरावयास जागा होती. एका चौकांत आजोबा वर्तमानपत्र वाचीत असले तर आम्ही दुसऱ्या चौकांत आट्यापाट्या खेळत असूं. जुन्या काळाचीं स्तोत्रें गाण्याचा मात्र आमचा हेतु नाहीं. आमचा एक चुलतभाऊ त्याच माळ्यावरून पडला तो जन्माचा लंगडा झाला. कोणत्याही वडीलधाऱ्यानें कोणाच्याही मुलाच्या पाठींत धपाटा घालावा, असाही तेथें प्रघात होता. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंतील मारझोडीला मनाई केली, तिचें आम्हीं मनापासून स्वागत केलें आहे. पण अंगण गेलें आणि छडीही गेली. दोहोंच्या जागीं काय आलें म्हणाल, तर कोथरुडांतील आमच्या इमारतीखालीं, जेथें मोटारी उभ्या करतात तेथें, 'खेळण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी आली. मोटारी दिवसभर हूं कीं चूं न करितां उभ्या राहतात. हा त्यांचा गुण संस्थेच्या सभासदांस आवडतो, यांत नवल तें काय!

गेल्या पावसाळ्यांत प्रकरण हातघाईवर आलें. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त अभियंते राहतात. त्यांच्या पत्नीस अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आहे. रात्रीं त्यांना झोंप लागत नाहीं, आणि दुपारीं कोठें डोळा लागतो न लागतो तोंच त्यांच्या माथ्यावर चौघांची कुस्ती सुरू होते. अभियंत्यांनीं प्रथम तोंडीं सांगितलें, मग चिठ्ठी धाडली, आणि शेवटीं संस्थेच्या चिटणिसांमार्फत लेखी तक्रार आली. तिची भाषा अत्यंत सभ्य होती, त्यामुळें ती अधिकच लागली. त्याच आठवड्यांत दुसऱ्या चिरंजिवांच्या शाळेंतून बोलावणें आलें. हा दहा मिनिटें एका जागीं बसत नाहीं, बांक वाजवितो, शेजाऱ्यांना हंसवितो, अशी वर्गशिक्षिकाबाईंची कैफियत होती. घरांतही कांहीं फुटलें कीं पहिलें नांव याचेंच निघे. थोरला मोठा म्हणून सुटे, जुळें लहान म्हणून सुटे. उरला तो हाच.

ही वार्ता ऐकून आमच्या थोरल्या भगिनी मुद्दाम आल्या. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, तेव्हां त्यांचें बोलणें वाऱ्यावर सोडण्याजोगें नव्हे. येतांना त्यांनीं एका निवासी शाळेचें माहितीपत्रक आणलें होतें. पहांटे पांचला उठणें, कवायत, घोडेस्वारी, रात्रीं नवाला दिवे बंद. "याच्या अंगांत शक्ति आहे, तिला काम मिळेल. आणि हा एक गेला कीं बाकीचे तीन आपोआप थंड होतील," असा त्यांचा सल्ला. पूर्वार्ध आम्हांस मान्य होता. उत्तरार्धानें मोह पडला हेंही खरें. शेजारची आजारी बाई, शाळेची तक्रार आणि आमचें दोन वर्षें रखडलेलें लेखन, या तिहींचा निकाल एका अर्जानें लागत होता.

आमची पत्नी एका बँकेंत अधिकारी आहे. दिवसभर लोकांचीं कर्जप्रकरणें पाहून ती घरीं येते, आणि मुलांच्या दंग्याचा मोठा वांटा, आम्ही महाविद्यालयांतून लौकर सुटत असलों तरी, तिच्याच वांट्यास येतो. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "वन्सं, यशोदेनें उखळाला बांधायला घेतलें तेव्हां दावें दर खेपेस दोन बोटें कमीच पडत होतें ना?"

"पण शेवटीं बांधलाच कीं नाहीं?"

"बांधला. मग त्यानें उखळ ओढीत नेऊन अंगणांतलीं दोन झाडें पाडलीं."

भगिनींना हंसूं आलें. पण माहितीपत्रक त्यांनीं टेबलावरून उचललें नाहीं.

तीन खोल्यांच्या घरांत गुप्त मसलत म्हणून कांहीं नसते. त्या रात्रीं चौघेही सांगण्याआधीं निजले. दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही नेहमींप्रमाणें वेताळ टेकडीवर जावयास निघालों, तों दुसरा चिरंजीव पायांत बूट घालून दाराशीं उभा. "बाबा, मी येऊं?"

तासभर हा मुलगा आमच्याबरोबर चालला, आणि एकदांही धांवला नाहीं. जुन्या दगडखाणींत पाणी सांठलेलें आहे, तेथें आम्ही बसलों. पलीकडच्या झाडींत मोर ओरडत होता. पोरगा अर्धा तास स्वस्थ बसून पाण्याकडे पाहत होता. ज्याला दहा मिनिटें बसतां येत नाहीं म्हणून आम्हांस शाळेंत बोलावणें आलें तोच हा. मग त्यानें विचारलें, "बाबा, मी गेलों तर माझा पलंग कोणाला?"

मुलांच्या खोलींत दोन दुमजली पलंग आहेत. त्यांतला एक वरचा याचा. कोणीं जावयाचें हेंच अजून ठरलेलें नाहीं, तेव्हां पलंगाचा प्रश्न येतो कोठें, असें आम्ही म्हणालों.

"तरी पण, धाकट्यांना देऊं नका. ते वरून उडी मारतात. खालच्या आजी दचकून जाग्या होतात."

यावर आम्हीं काय उत्तर दिलें तें आठवत नाहीं. उतरतांना तो पुढें होता आणि निसरड्या जागीं वळून आमच्याकडे पाहत होता.

पुढील कांहीं आठवडे आम्हीं एकेकास पाळीनें टेकडीवर नेलें. थोरला एकटा असला म्हणजे फारच कमी बोलतो. त्याचा आवाज फुटूं लागला आहे, त्याची त्याला लाज वाटते. पण उतरतीस लागल्यावर तो एकदम आमच्या वेतनाविषयीं, घराच्या कर्जाविषयीं आणि चौघांच्या शिक्षणाला हें सारें पुरेल कीं नाहीं याविषयीं विचारूं लागला. जुळ्यांतला एक सारा वेळ दुसऱ्याबद्दलच बोलत राहिला. दुसरा आमचें बोट धरून मुकाट चालला. घरांत आम्हीं त्याला कधीं मुकाट पाहिलेला नाहीं. 'चौघे' नांवाचा जो एक प्राणी आमच्या घरीं नांदतो, तो या चौघांपैकीं कोणीच नव्हे, अशी आमची आतां खातरी झाली आहे. पलंगावरून उडी मारणारा, काचा फोडणारा, अभियंत्यांच्या पत्नीची झोंप मोडणारा तोच. त्याला निवासी शाळेंत घालतां येत नाहीं. एक काढला तर उरलेले तीन मिळून तो पुन्हां उभा राहणार. हा विचार आम्हीं भगिनींना दूरध्वनीवरून सविस्तर कळविला. त्या म्हणाल्या, "हें तुझें तत्त्वज्ञान झालें. खालच्या बाईंच्या झोंपेचें काय करणार आहेस?"

प्रश्न रास्त होता. दुसऱ्या चिरंजिवांस आम्हीं खालीं पाठविलें आणि आजी कोणत्या खोलींत निजतात तें विचारून येण्यास सांगितलें. त्या मुलांच्या खोलीच्या बरोबर खालीं निजतात असें निघालें. तेव्हां एका रविवारीं मुलांची खोली आणि आमची अभ्यासाची खोली यांची अदलाबदल केली. तीस वर्षांचीं पुस्तकें चार मुलांनीं अडीच तासांत इकडून तिकडे नेलीं. क्रम अर्थातच लागलेला नाहीं, आणि शेक्सपिअरचा एक खंड अजून सांपडावयाचा आहे. आतां आजींच्या माथ्यावर आम्ही बसतों, आणि लेखणीचा आवाज खालीं जात नाहीं. उलट दंगा जो खालीं जात होता तो भिंतींतून थेट आमच्याकडे येतो. आमचें लेखन अर्थात् रखडलेलेंच आहे. अभियंत्यांची तक्रार मात्र त्यानंतर आलेली नाहीं. दिवाळींत त्यांच्याकडून चकल्यांचा डबा आला. तो दुसऱ्याच्या नांवानें आला होता, यावरून एक स्वतंत्र खटला झाला.

शाळेचें तितकें सरळ झालेलें नाहीं. वह्या गोळा करणें, नकाशे आणणें अशीं उठावयाचीं कामें याला द्यावीं, अशी आम्हीं बाईंना विनंती केली. त्यांनीं ती मानली. चाळीस मुलांच्या वर्गांत त्यांनीं ती मानली याचें आम्हांस शिक्षक म्हणून कौतुक वाटतें. तरी दिवाळीच्या सुटीनंतर पुन्हां एक बोलावणें आलेंच. माहितीपत्रक पत्नीच्या कपाटांत आहे. तें तिनें टाकून दिलेलें नाहीं, आणि आम्हींही त्याविषयीं विचारलेलें नाहीं.

टेकडीची पाळी चालूं आहे. दर रविवारीं एक मुलगा; ज्या महिन्यांत रविवार पांच येतात त्यांतला पांचवा पत्नीचा, म्हणजे आम्ही चौघांनाही घेऊन बाहेर पडतों आणि ती नऊ वाजेपर्यंत निजते. येत्या रविवारीं पाळी कोणाची, यावर सध्यां वाद सुरू आहे. आपण एकत्र जन्मलों, सबब आपली पाळी एकच धरावी आणि ती दोनदां यावी, असें जुळ्याचें म्हणणें. थोरल्याची याला कायदेशीर हरकत आहे. दुसरा या वेळीं साक्षीदारही नाहीं आणि आरोपीही नाहीं; तो दाराच्या चौकटीवर चढून पाय हलवीत ऐकत बसला आहे, आणि मावशी आंतून विचारीत आहेत कीं पोळ्या किती टाकूं.