गोळीचा गुण कोणत्या मापानें मोजावा?

औषध लागू पडलें असें आपण केव्हां म्हणतों? ताप उतरला, खोकला थांबला, कीं गुण आला. परंतु ही कसोटी सर्वच औषधांना लावतां येत नाहीं. आणि ती भलत्या ठिकाणीं लावल्यास उपयुक्त औषधहि फडताळांत जाऊन पडतें. पायांतील रक्ताभिसरण मंदावलेल्या रोग्यांस देतात ती ॲस्पिरिनची गोळी हें याचें उत्तम उदाहरण होय.

आमचे थोरले बंधू दादा हे वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं केजच्या बाजारपेठेंतून चालतांना मध्येंच थांबूं लागले. पावणेदोनशें पावलें झालीं कीं पोटरींत गोळा येई. दोन मिनिटें उभें राहिलें कीं तो विरे. घरांत कोणी त्यास वात म्हटलें, कोणी वयोमान. वहिनींनीं तेल चोळून पाहिलें. पण गोळा ठरल्या पावलांवर येतच राहिला. आमच्या मास्तरकीच्या बुद्धीस ही नियमितता खटकली. वात एवढा हिशेबी नसतो!

अखेर आम्ही त्यांस घेऊन अंबाजोगाईस एका डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं दादांस निजवून प्रथम दंडांचा व मग घोट्यांचा रक्तदाब घेतला. घोट्यापाशीं नाडी हातास लागेना, म्हणून लेखणीएवढें डॉप्लर यंत्र टेकवून रक्तप्रवाहाचा आवाज ऐकला. दंडाशीं १४०, उजव्या घोट्याशीं ९१. घोट्याच्या आंकड्यास दंडाच्या आंकड्यानें भागिलें, उत्तर ०.६५. निरोगी माणसांत हा भागाकार १ ते १.४ च्या दरम्यान येतो, ०.९ वा त्याहून कमी आल्यास पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असें समजतात. मधुमेह्यांच्या धमन्या मात्र कधीं कधीं इतक्या टणक होतात कीं यंत्राचा पट्टा त्यांस दाबूं शकत नाहीं. मग आंकडा १.४ च्या वर, म्हणजे फसवा येतो व पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम, कोलेस्टेरॉलची एक गोळी, पानांतील तंबाखू बंद आणि रोज चालणें, अशी आज्ञा झाली. दादांनीं गोळ्या घेतल्या, तंबाखू सोडली. चालणें तेवढें टाळलें. तीन महिन्यांनीं पाहतों तों भागाकार ०.६५ च, आणि पावलेंहि तितकींच. "ही ॲस्पिरिन व्यर्थ आहे," असा निवाडा देऊन दादांनीं ती बंद केली.

वडील बंधूंशीं वाद घालण्याची आमच्या घरीं रीत नाहीं. पण येथें गप्प बसणें धोक्याचें होतें. ॲस्पिरिन अरुंद धमनी रुंद करीत नाहीं. रक्तांतील प्लेटलेट नांवाच्या सूक्ष्म कणिका एकमेकींस चिकटून गुठळी धरतात, त्यास ती आळा घालते. हें कसें घडतें तें जॉन व्हेन यांनीं १९७१ सालीं दाखविलें व त्यांस १९८२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. ज्याच्या पायाच्या धमन्या अरुंद, त्याच्या हृदयाच्या व मेंदूच्या धमन्याहि बहुधा निर्धोक नसतात. गोळीचा पहारा तेथें असतो. आणि पहारेकऱ्याचें यश म्हणजे चोरी न होणें. तें पोटरींत कसें दिसावें?

गोळीचा परिणाम प्रयोगशाळेंत मोजतां येतो. प्लेटलेट कितपत गोळा होतात हें द्रवांतून पार जाणाऱ्या प्रकाशावरून पाहण्याची रीत गुस्टाव्ह बॉर्न यांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केली. परंतु अशी तपासणी करून औषध बदलल्यानें रोग्याचें हित होतें असें सिद्ध झालेलें नाहीं, म्हणून ती सर्रास करीत नाहीत. खरें माप हजारों रोग्यांच्या गणतींत सांपडतें. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेंत १९ हजारांवर रोगी होते. त्यांतील पायांच्या रोग्यांत ॲस्पिरिनपेक्षां क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांस हृदयविकाराचे व पक्षाघाताचे प्रसंग कमी आले. उलट, भागाकार कमी पण तक्रार कांहींच नाहीं, अशा लोकांस ॲस्पिरिनचा लाभ झाला नाहीं, असें स्कॉटलंडमधील २००८ व २०१० च्या प्रयोगांत दिसून आलें. शिवाय या गोळीनें पोटांत रक्तस्राव होण्याचें भय असतेंच. म्हणून कोणास ती द्यावी व कोणती द्यावी, हें डॉक्टरांनींच ठरवावें.

दादांस हें पटलें. डॉक्टरांस पुन्हां विचारून त्यांनीं गोळी सुरू केली; आणि या खेपेस चालणेंहि. दुखेपर्यंत चालावें, थांबावें, दुखणें विरलें कीं पुन्हां चालावें, असा अर्धा-पाऊण तास नेम त्यांनीं तीन महिने चालविला. आतां ते साडेतीनशें पावलें न थांबतां जातात. भागाकार मात्र ०.६७, म्हणजे जवळजवळ जेथल्या तेथें. गंमत अशी कीं दादा आतां येणाऱ्याजाणाऱ्यापाशीं ॲस्पिरिनचे गोडवे गातात! कावळा बसला आणि ताडाचें फळ पडलें, तशांतलाच हा न्याय. पावलें वाढलीं तीं चालण्यानें. पूर्वीं गोळीस दिलेला दोष जितका अनाठायीं, तितकीच आतांची ही स्तुतीहि. तथापि ती ऐकून आम्ही मौन धरतों, कारण तिच्यायोगें गोळी चुकत नाहीं.

वाचकांच्या घरीं कोणा वडीलधाऱ्यांच्या पोटरींत ठरल्या पावलांवर गोळा येत असेल, तर तेल चोळण्यांत महिने न दवडतां घोट्याचा दाब मोजवून घ्यावा. ॲस्पिरिन आपल्या मनानें सुरू करूं नये व आपल्या मनानें सोडूंहि नये. आणि निजलें असतांहि पाय दुखूं लागला, किंवा बोट काळें पडलें, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये.