दसरा झाला की डोंगराची शाळा सुटते

पोस्ट मोठी आहे. निवडणुकीची नाही, कुणाच्या प्रवेशाचीही नाही. तरी वाचा, आपल्याच लेकरांचा विषय आहे.

तुमच्यातले बरेच जण मला बातमीदार म्हणून ओळखतात. तालुक्याच्या बातमीदारीवर घर चालत नाही, हे इथं नव्यानं सांगायला नको. दिवाळी अंकाच्या आणि वाढदिवसाच्या जाहिराती गोळा केल्या तर चार पैसे सुटतात. म्हणून गेली आठ वर्षं मी पावसाळ्यात आणखी एक काम करतो. जुलै ते दसरा, शनिवार-रविवार, शाळेच्या पोरांना बालाघाटाच्या डोंगरात घेऊन फिरायचं. झाडं, दगड, पाणी, पाखरं दाखवायची. एका संस्थेमार्फत हे काम चालतं. दिवसाला पाचशे रुपये आणि दुपारचं जेवण. कागदावर पदाचं नाव आहे हंगामी निसर्ग शिक्षण मार्गदर्शक. नाव वाचून आमच्या घरात बराच वेळ हसणं चाललं होतं.

हंगामी म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण या कामाचा हंगाम कुणी ठरवला, ते सांगतो. पावसानं. आपल्याकडं सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही कधी पडतो तर कधी रुसतो. जंगल जिल्ह्याच्या क्षेत्राच्या तीन टक्क्यांच्या आत. डोंगर हिरवा दिसतो तो आषाढ ते आश्विन. सौताड्याचा धबधबा, कपिलधार, नायगावच्या मयूर अभयारण्यातले मोर, सगळं याच दिवसांत बघण्यासारखं. फोटो चांगले येतात. अहवालाला फोटो लागतात. म्हणून कार्यक्रम पावसाळ्यात. माझा याला पहिल्या वर्षापासून विरोध आहे आणि दर वर्षी बैठकीत तो नोंदवून मी चहा पिऊन परत येतो.

आधी काम काय असतं ते सांगतो, मग विरोध का ते.

कायद्यानं म्हणाल तर पर्यावरण शिक्षण आपल्याकडं नवीन नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्येच ते शाळा-कॉलेजात सक्तीचं करायला सांगितलं. तिसरीपासून परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला जलसुरक्षा आहे. पुस्तकं वाईट नाहीत. पण पुस्तकातली नदी कुठली तरी दुसरीच असते. आपल्या पाटोदा तालुक्याच्या पठारावर उभं राहिलं तर जे दाखवता येतं, ते अख्ख्या पुस्तकात नाही.

मी पोरांना तीन बाटल्या पाणी घेऊन वर नेतो. पहिली बाटली ओतायची बिंदुसरेच्या नावानं. ही वाघिऱ्याजवळ उगवते, घाट उतरून बीड शहरातून जाते, सिंदफणेला मिळते, आणि सिंदफणा माजलगावच्या पुढं मंजरथला गोदावरीत. म्हणजे हे पाणी जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच गंगेला लागलं. दुसरी बाटली मांजरेची. तीही याच पठारावरची, पण तिचा रस्ता लांबचा. बीड, धाराशिव, लातूर, मग कर्नाटकात बिदर, तिथून तेलंगणा, असा सातशे किलोमीटरच्या वर फेरा मारून तीही शेवटी गोदावरीतच. इथं मी पोरांना 2016 ची गोष्ट सांगतो. आपल्या केज तालुक्यात धनेगावला मांजरेचं धरण आहे, ते आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या रेल्वेचं पाणी कमी पडलं ते लातुरात नाही, इथं, तुम्ही उभे आहात त्या मुरमात. हे सांगितलं की पोरं पायाखाली बघतात.

तिसरी बाटली विंचरणेची. ही सौताड्याला कड्यावरून उडी मारते, जामखेडकडून सीनेला मिळते, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. एकाच तालुक्याचं पाणी दोन खोऱ्यांत जातं. थोडं इकडं ओतलं तर गोदावरी, थोडं तिकडं ओतलं तर कृष्णा. मोठ्या माणसांनाही हे माहीत नसतं, तहसीलच्या कॅन्टीनमध्ये विचारून बघा.

तीन वर्षांपूर्वी हे सांगत असताना सहावीतली एक पोरगी म्हणाली, "सर, ते पाणी तर आमच्याच वाटंनं गेलं की."

मी म्हणलं, कसं काय?

"आम्ही बी जामखेड, करमाळा करत जातो. टेंभुर्णीला भीमा लागते. मग पुढं सांगली. कारखान्याजवळ कृष्णा हाय. आमची कोपी काठालाच असते."

भूगोलाच्या नकाशावर जे मी बोटानं दाखवत होतो, ते ती दर वर्षी ट्रकच्या फाळक्यावर बसून बघत होती. वर्गातल्या चाळीसपैकी सतरा जणांनी हात वर केला. आम्ही बी जातो. कुणी कोल्हापूर, कुणी जुन्नरकडं, कुणी थेट कर्नाटकात. दसऱ्याला सोनं वाटलं की मुकादमाची गाडी येते. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला कोयता जातो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. जोडीबरोबर लेकरं जातात. पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परत येतात.

आता बघा, आमचा निसर्गाचा वर्ग दसऱ्याला बंद होतो आणि यांचा उसाचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो. आम्ही यांना मोराचा नाच दाखवून गाडीत बसवतो. आणि ते उतरतात कुठं, तर उसाच्या फडात. बिबट्याच्या घरात.

बिबट्या म्हटलं की आपल्याला 2020 चा नोव्हेंबर आठवतो. आष्टी तालुक्यात आठवडाभरात तीन बळी गेले. तो बिबट्या शेवटी डिसेंबरात करमाळा तालुक्यात मारला गेला. त्या बातम्या मी केल्यात, त्या घरांत जाऊन आलोय. पुढची दोन वर्षं आई-बाप पोरं डोंगरात पाठवायला तयार नव्हते. ते साहजिकच होतं. पण हेच आई-बाप जुन्नर पट्ट्यात उसाच्या कडेला कोपी घालून राहतात. तिथं ऊस हेच बिबट्याचं जंगल झालंय. फड तोडताना बछडे सापडतात, आणि आई जवळच कुठंतरी असते. त्या फडाच्या बांधावर झोळीतलं लेकरू आणि त्याला सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची बहीण.

मग मी कार्यक्रमात नसलेला एक तास घुसवला. सप्टेंबरात, शेवटच्या दोन फेऱ्यांना. सरळ कामाच्या गोष्टी. अंधारात एकट्यानं बाहेर बसायला जायचं नाही. वाकलेलं, बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावर वाटू शकतं, म्हणून मोठ्या माणसाला उभं करून जायचं. जाताना बोलत जायचं, मोबाईलवर गाणं लावायचं. समोर दिसला तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही. बछडा दिसला तर उचलायचा नाही, फोटोही काढत बसायचं नाही, मागं सरायचं आणि मुकादमाला सांगायचं.

आणि साप. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि दुखत जवळजवळ नाही. सकाळी पोट दुखतंय, डोळ्यांच्या पापण्या उघडत नाहीत, म्हणून समजतं. घोणस पाचटात असते. पाचटात हात घालण्याआधी काठी. चावलं तर दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, बाबाकडं न्यायचं नाही, सरकारी दवाखान्यात न्यायचं, तिथं लस असते. हे मी सापाचे फोटो दाखवून पाठ करून घेतो. संस्थेच्या एका पाहुण्यांनी हे पाहिलं आणि म्हणाले, यात निसर्गाबद्दलचं प्रेम कुठं आहे? मी म्हणालो, साहेब, लेकरू जगलं तर प्रेम करील.

(डिसेंबर 2021 मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लऊळची वानरं आणि कुत्र्याची पिल्लं ही बातमी जगभर गेली होती, आठवतंय? आकडा अडीचशे पिल्लांवर नेऊन ठेवला, टोळीयुद्ध म्हणून मथळे आले. शेवटी वन खात्यानं दोन वानरं पकडून नेली. मला त्या आठवड्यात बाहेरच्या चॅनेलवाल्यांचे फोन यायचे, व्हिडिओ आहे का? वानर पिल्लू का उचलतं हे एकानंही विचारलं नाही. पोरांनी मात्र विचारलं. म्हणून म्हणतो, हा विषय पोरांशीच बोलावा.)

आता मागं राहणाऱ्यांचं. काही लेकरं आजी-आजोबांकडं राहतात, काही शाळेच्या हंगामी वसतिगृहात. ही योजना चांगली आहे, नीट चालली तर लेकरांचं वर्ष वाचतं. पण संध्याकाळी पाचनंतर आणि रविवारी या लेकरांचं काय, याचं उत्तर कुठल्याच कागदावर नाही. आई-बाप दोनशे-तीनशे किलोमीटरवर, गाव निम्मं रिकामं, आणि समोर वाळलेला डोंगर.

तो वाळलेला डोंगर हाच खरा वर्ग आहे, असं माझं मत आहे. पावसाळ्यात डोंगर सगळं झाकून ठेवतो. डिसेंबरात गवत पिवळं पडलं की दगडाचे थर उघडे दिसतात. काळा पाषाण, त्यावर मांजरा, त्यावर मुरूम. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर बोटानं मोजता येतात. सलग समतल चर कुठले भरलेत, कुठले बुजलेत, ते दिसतं. हिवाळ्यात चिखलात तरसाचा, खोकडाचा माग सापडतो. फाल्गुनात पळस फुलतो. आणि वणवा लागतो तोही तेव्हाच. गवत चांगलं येतं म्हणून काडी लावणारे अजून आहेत. जाळरेषा काढायची ती त्याच्या आधी, हिवाळ्यात. लांडोर आणि तितर जमिनीवरच अंडी घालतात. झुडपं आणि गवत जळून गेलं तर पावसाळ्यात लपायला जागा कुठली? सप्टेंबरात आम्ही मोर दाखवतो आणि मार्चमध्ये मोराचं घर जळतं तेव्हा आमच्यातला कुणीच तिथं नसतो.

मागच्या हिवाळ्यात मी मानधनाशिवाय चार रविवार एका वसतिगृहाच्या लेकरांना घेऊन गेलो. पहिल्या दिवशी सत्तावीस आली. बरोबर वस्तीवरचे एक धनगर बाबा होते, सत्तरीच्या पुढचे. धावडा कुठला, सालई कुठली, चंदनाचं झाड कुठं होतं आणि कुठल्या साली चोरांनी कापून नेलं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. एका पोरानं विचारलं, बाबा तुम्ही कितवी शिकलात? बाबा म्हणाले, "म्या शाळा बघितली ती लांबून. मेंढरं घिऊन जाताना." लेकरं दिवसभर त्यांच्याच मागं, माझ्याकडं कुणी बघेना.

बाबांना दिवसाचे तीनशे रुपये द्यावेत, असा साधा अर्ज मी एका कार्यालयात दिला. उत्तर आलं की संबंधित व्यक्तीकडे शैक्षणिक अर्हतेचे प्रमाणपत्र नाही, तसेच यासाठी लेखाशीर्ष उपलब्ध नाही. त्याच महिन्यात डोंगराच्या पायथ्याला एक सेल्फी पॉइंट झाला. लोखंडी अक्षरं, लाल हृदय, मागं सोलरचा दिवा. त्याला लेखाशीर्ष होतं. मी पत्रकारितेची पदविका घेतली तेव्हा सरांनी शिकवलं होतं की बातमीत विशेषणं वापरू नका, म्हणून इथं थांबतो.

मागणी दोनच. जिल्हा नियोजनात पर्यटनाला पैसा येतो, त्यातला थोडा माणसांवर खर्च करा. स्थानिक जाणकाराला रोज द्या, बारा महिने नाही तर निदान डिसेंबर ते मार्च. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक गावात, गाड्या निघण्याआधीच्या पंधरवड्यात, बिबट्या-सापाचा एक तास शाळेत घ्या. त्याला तर पैसाही लागत नाही, कोणताही गुरुजी घेऊ शकतो. मी चित्रं आणि मुद्दे पाठवीन.

संस्थेनं यंदाही हिवाळ्याला नाही म्हटलंय. तरी मी जाणार. पहिली फेरी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, सकाळी सातला. वसतिगृहापासून डोंगर चालत वीस मिनिटांवर आहे, गाडी नको. बाबा येतो म्हणालेत. फक्त लेकरांच्या पायात चपला आहेत आणि कुसळी गवत वाळलंय, आत शिरलं की कुसळं मासात घुसतात. कापडी बूट लागतील, एकतीस जोड. मापं मी शाळेतून लिहून आणलीत. जुने चालतील, फाटके नकोत. ज्यांना शक्य आहे त्यांनी इनबॉक्समध्ये या.