हिंदमाताच्या खाली समुद्र आहे!

रविवारी सकाळी सात वाजता तुम्ही काय करत असता? करेक्ट. झोपलेले असता. मीही असते. पण मार्चमधल्या एका रविवारी मी चक्क बाणगंगेच्या पायऱ्यांवर बसून कटिंग पीत होते आणि माझी मावसबहीण मला झापत होती. कारण काय, तर मी पांढरे कॅनव्हास शूज घालून आले होते. 'ताई, आपण मॉलमध्ये नाही चाललोय. फील्डवर चाललोय!'

घरात सगळे तिला छोटी म्हणतात. ही छोटी आता तेवीस वर्षांची आहे. धोबीतलावच्या झेवियर्समधून जिऑलॉजी घेऊन बीएस्सी झाली, मग जॅमची परीक्षा देऊन पवईला आयआयटीच्या अर्थ सायन्सेस डिपार्टमेंटमध्ये एमएस्सीला लागली. तिने जिऑलॉजी घेतलं तेव्हा घरात जो गोंधळ झाला तो विचारूच नका. 'दगड फोडायला डिग्री लागते का गं?' असं मामाने विचारलं होतं. त्यावर सगळ्यात जोरात हसले होते मी. मास कॉमची डिग्री घेऊन सहा महिने घरी बसलेली मी!

छोटीचं एक साप्ताहिक आहे. दर शुक्रवारी रात्री फॅमिली ग्रुपवर डिपार्टमेंटच्या बातम्या येतात. सोमवार : दगडाचा काप घासून घासून ०.०३ मिलिमीटर जाड केला, आता त्यातून उजेड आरपार जातो. बुधवार : सेमिनार, विषय डेक्कन ट्रॅप आणि डायनासोर, प्रश्नोत्तरांत पुन्हा जुंपली. गुरुवार : मिनरलची व्हायवा, आयत्या वेळी नावच आठवेना. शनिवार : फील्डची तयारी, माझं भिंग कोणी ढापलंय? ग्रुपवर हे कोणी वाचत नाही. फक्त मावशी न चुकता अंगठा दाखवते. तिला त्यातलं किती कळतं देव जाणे, पण अंगठा असतोच.

त्या शुक्रवारच्या साप्ताहिकात शेवटी एक ओळ होती. 'रविवार : बाणगंगा ते हिंदमाता, चालत आणि मेट्रोने. कोणी येतंय?' मी गंमत म्हणून 'हो' लिहिलं आणि अडकले.

बाणगंगा तुम्ही पाहिली असेलच. हाकेच्या अंतरावर खारा समुद्र आणि तळ्यात गोडं पाणी. रामाने बाण मारला आणि पाणी निघालं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. छोटीच्या मते पावसाचं पाणी मलबार हिलच्या दगडातल्या फटींतून झिरपत खाली येतं. 'बाणाने पडलेली फट म्हण, नाहीतर लाव्हा थंड होताना पडलेली म्हण. फट आहे हे नक्की.'

छोटीने ओहोटीची वेळ आधीच बघून ठेवली होती. देवळांमागच्या गल्लीतून आम्ही किनाऱ्यावर उतरलो. कपडे वाळत घातलेले, मुलं क्रिकेट खेळतायत आणि पुढे काळा कातळ. या कातळाचं वय सहा-साडेसहा कोटी वर्षं! मी भिंग डोळ्याला लावलं. (भिंग आधी डोळ्याजवळ धरायचं आणि मग दगड त्याच्याजवळ न्यायचा. उलट केलं तर छोटी ओरडते.) काळ्या दगडात बारीक पांढरे ठिपके दिसले. लाव्हातले गॅसचे बुडबुडे, ज्यांत नंतर खनिजं भरली. तरी हा मुंबईचा दगड घाटावरच्या दगडाहून काहीसा उशिरा आलेला आणि बराच मिश्र. काही लाव्हा तर थेट पाण्यातच ओतला गेला. झेवियर्सच्या जिऑलॉजी डिपार्टमेंटमधले प्रा. एस. एफ. सेठना यांनी मुंबईच्या दगडांवर वर्षानुवर्षं काम केलं. १९९९ सालचा त्यांचा पेपर छोटीने इतक्यांदा वाचलाय की त्याची प्रिंट पापडासारखी झालीय.

आणि बेडूक! वरळीच्या टेकडीत दोन लाव्हांच्या मधल्या मातीच्या थरात छोट्या बेडकांचे सांगाडे सापडले होते. १८४७ साली त्यांचं वर्णन लंडनमध्ये छापून आलं. लिहिणारा होता रिचर्ड ओवेन. १८४२ साली 'डायनासोर' हा शब्द जगाला देणारा तोच हा माणूस. म्हणजे एक लाव्हा येऊन गेला, त्यावर डबकं साचलं, डबक्यात बेडूक आले आणि मग पुढचा लाव्हा आला. वरळी सी-फेसवर मी इतक्या डेट्सना गेलेय, हे एकाही मुलाने सांगितलं नव्हतं.

तिथून चढ चढून हँगिंग गार्डनपाशी. शूजची एव्हाना वाट लागली होती. कमला नेहरू पार्कमधून खाली गिरगाव चौपाटी दिसते. टूरिस्ट फोटो काढत होते, छोटी उतार बघत होती. मुंबईतले खडकांचे थर पश्चिमेकडे कललेले आहेत. त्यामुळे टेकडीची समुद्राकडची बाजू सावकाश उतरते आणि गिरगावकडची एकदम तुटते. ऑगस्ट २०२० मध्ये कुलाब्याला चोवीस तासांत तीनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, तेव्हा याच कड्याचा एक भाग केम्प्स कॉर्नरजवळ संरक्षक भिंतीसकट खाली पाटकर मार्गावर आला. झाडं, माती, दगड, सगळं. वरचा खेर मार्ग खचला. लॉकडाऊनचे दिवस होते, रस्त्यावर माणसं कमी. 'सगळे म्हणाले पाऊस जास्त झाला,' छोटी म्हणाली. 'झालाच. पण पाऊस सगळीकडे पडला आणि घसरलं इथे.'

टॅक्सी करून ठाकूरद्वारला उतरलो. मिसळ खाल्ली. (फील्डवर जेवण पोटभर हवं, हा डिपार्टमेंटचा एकमेव नियम जो मला मनापासून पटला.) मग गिरगाव स्टेशनवरून अ‍ॅक्वा लाइन. ऑक्टोबर २०२५ पासून ही भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण चालू झाली, तेव्हापासून गिरगावकर दादरला मिनिटांत पोचतात. भुयारासाठी सतरा बोगदा यंत्रं लावली होती. पण गिरगाव आणि काळबादेवीला वर चाळी, खाली जागा नाही, म्हणून इथली स्टेशनं वेगळ्या पद्धतीने थोडी थोडी खोदत केली. एसी डब्यात सगळे मोबाइलमध्ये. छोटी काळ्या खिडकीला नाक लावून बसली होती. बाहेर फक्त काँक्रीट दिसतं हे तिलाही माहीत होतं. 'त्याच्या मागे आहे ना पण!'

आचार्य अत्रे चौक स्टेशन आलं तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. २६ मे २०२५ ला पाऊस दोन आठवडे आधी आला आणि जेमतेम पंधरवड्यापूर्वी सुरू झालेल्या याच स्टेशनात पाणी शिरलं होतं. तो व्हिडिओ तुम्हीही फॉरवर्ड केला असेल.

दादरला उतरून टॅक्सीने परळ गावात, बारादेवीला. १९३१ साली इथे रस्त्याचं काम चालू असताना शंकराची एक भव्य शिल्पशिळा सापडली. जवळपास दीड हजार वर्षं जुनी आणि पांढरट ग्रॅनाइटची. मुंबईत ग्रॅनाइट नाही! म्हणजे एवढा मोठा दगड कोणी कुठून आणला असेल? छोटी यावर अर्धा तास बोलू शकते आणि बोललीही. तुम्हाला घाई असेल तर फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात याची प्रतिकृती आहे, ती बघा.

आता मुद्द्याची जागा. हिंदमाता.

परळच्या बाजूने उतरत या. स्कूटर असेल तर न्यूट्रलमध्ये टाका, कळेल. मुंबई बेटाला दोन कणे आहेत. पश्चिमेला मलबार हिल ते वरळी, पूर्वेला डोंगरी ते परळ-शिवडी. मधली जमीन म्हणजे बशी. या बशीत महालक्ष्मी-वरळीच्या खिंडीतून भरतीचं पाणी आत यायचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात तिथे बांध घातला गेला, जो आज लाला लजपतराय मार्ग आहे. मग पुढची शंभर-सव्वाशे वर्षं भराव टाकत आपण बशी भरली. गिरण्या आल्या, चाळी आल्या, आम्ही आलो. पूर्वेकडे तर उलटंच. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली तीनशेहून जास्त झाडं सापडली, कित्येक मुळांवर उभी. खैराची. पानातला कात ज्याचा होतो तो खैर. एकीकडे समुद्रावर जमीन, दुसरीकडे जंगलावर समुद्र.

मावशीची खोली हिंदमाताच्या मागच्या एका चाळीत, तळमजल्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला फक्त ७३. आमचं हिंदमाता या दोन्हींच्या मध्ये. छोटी तेव्हा अगदी लहान होती. मावशीने तिला माळ्यावर ठेवलं आणि स्वतः कमरेएवढ्या पाण्यात रात्र काढली. भरतीच्या वेळी पाऊस आला की पाणी समुद्रात जातच नाही, उलट गटारातून वर येतं. म्हणून रे रोडला पंपिंग स्टेशन झालं, दादरच्या प्रमोद महाजन उद्यानात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानात पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या झाल्या. फरक पडलाय. तरी मावशीच्या पलंगाखालच्या विटा अजून निघालेल्या नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा चाळीच्या पटांगणात मीटिंग चालू होती. रीडेव्हलपमेंट! बिल्डरची जाडजूड फाइल हातोहात फिरत होती. लोक कार्पेट एरिया बघत होते, भाडं बघत होते, लिफ्ट किती ते बघत होते. फाइल छोटीकडे आली तर तिने मागची पानं काढली. बोअरिंगचा रिपोर्ट, जो कोणीच उघडला नव्हता. मला त्यात नुसत्या रेघा दिसल्या. ती बोट ठेवून वाचत गेली. वर भराव, त्याखाली समुद्राची काळी चिकणमाती, मग मुरूम, मग कातळ. सकाळपासून ती जे तोंडाने सांगत होती, ते इथे मीटरमध्ये लिहिलेलं होतं.

मग तिने प्लॅन उघडला आणि गप्प झाली. पार्किंगसाठी दोन बेसमेंट दाखवली होती.

'काका, एक विचारू?' ती सेक्रेटरी काकांना म्हणाली. 'खड्डा खणताना चिखलातलं पाणी सतत उपसावं लागेल. ते उपसलं की आजूबाजूची माती बसते. शेजारच्या चाळीच्या भिंतींना तडे गेले तर जबाबदार कोण? आणि नंतर पावसाळ्यात बेसमेंटमध्ये पाणी आलं तर पंपाचं बिल कोण भरणार, बिल्डर की आपण?'

पटांगणात शांतता. मागून एक जण बोललाच, 'तू सिव्हिल इंजिनीअर आहेस का?' छोटी म्हणाली, 'नाही. दगडवाली आहे.' कोणीतरी हसलं. या वेळी मी नाही हसले. एका गृहस्थांना वाटलं ही प्रोजेक्ट बंद पाडायला आलीय, आणि त्यांचा आवाज चढला. त्यांचंही खरं आहे, चाळीचे जिने टेकूवर आहेत. छोटी शांतपणे सांगत राहिली की इमारत होऊ दे, वर पोडियम पार्किंग मागा, नाहीतर बेसमेंट कसं करणार ते लिहून घ्या. मावशी दारात उभी होती, चहाचा ट्रे हातात तसाच.

शेवटी काका म्हणाले, 'हे सगळं एका पानावर, मराठीत लिहून देशील? पुढच्या रविवारी त्यांच्या इंजिनीअरला बोलावतो.'

'देते की,' छोटी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. 'मी सांगते, ताई लिहील. मास कॉमची डिग्री आहे तिची.'

रात्री साडेअकरापर्यंत आम्ही ते पान लिहीत होतो. 'हायड्रोस्टॅटिक प्रेशर'ला मराठीत काय म्हणायचं यावरून भांडलो आणि शेवटी 'खालून वर ढकलणारं पाणी' असं लिहिलं.

पुढच्या शुक्रवारचं साप्ताहिक नेहमीसारखं आलं. सोमवार, बुधवार, गुरुवार. भिंग सापडलं, बॅगेतच होतं. शेवटची ओळ : 'रविवार : चाळीत मीटिंग, सकाळी अकरा. बोअरिंगचा रिपोर्ट घेऊन येणे.' त्याखाली पहिल्यांदाच मामाचाही अंगठा होता. आणि मावशीने अंगठ्याबरोबर चक्क दोन वाक्यं टाइप केली होती. 'ताईचे बूट धुतले. डाग काही निघत नाहीत.'