माळ्यावरचं पोतं

आमच्या धरमतरच्या घरात, माळ्यावर, एक पोतं आहे. त्यात वडिलांच्या लाँचचे सुटे भाग आहेत. भाऊच्या धक्क्यावरून धरमतरला लाँची येत तेव्हा वडील एका लाँचवर ड्रायव्हर होते. (ड्रायव्हर म्हणजे इंजीन सांभाळणारा. सुकाणू धरणारा निराळा. हा फरक वडील शेवटपर्यंत लोकांना समजावीत होते.) पुढे लाँच भंगारात गेली. पोतं राहिलं. दर दिवाळीला सौ. भंगारवाल्याला हाक मारते आणि मी पोत्यावर जाऊन बसतो.

यंदा भाचा आला होता. चंडीगडला हवाई दलाच्या स्टोअरमध्ये जन्म काढून निवृत्त झालेला. मला पोत्यावर पाहून म्हणाला, "मामा, तुमच्याकडे पार्ट आहेत, मशीन नाही. आमच्याकडे मशीन होतं, पार्ट नव्हते."

मशीन म्हणजे एमआय-२६. १९८६ पासून आपल्याकडे आलेलं रशियन हेलिकॉप्टर. एकूण चार. डोक्यावर आठ पाती, त्यांचा व्यास ३२ मीटर, म्हणजे आमचं घर, गोठा आणि शेजाऱ्यांची तुळस एका झाकणाखाली. पोटात २० टन माल. २००२ साली अफगाणिस्तानात अमेरिकनांचं चिनूक हेलिकॉप्टर डोंगरात अडकलं, तेव्हा ते असल्याच एका एमआय-२६ने टांगून आणलं. चिनूक म्हणजे काही चिमणी नव्हे!

"मग अडलं कुठे?"

"सोयरिकीत! धड रोस्तोवचं, इंजीन झापोरिझियाचं. घेतलं तेव्हा दोन्ही गावं एका घरात. १९९१ साली घर फुटलं; एक रशियात, एक युक्रेनमध्ये. आणि पुढे तर दोघांत लढाईच."

सासर-माहेर भांडलं की सुनेचे हाल होतात, तसं. त्यात हेलिकॉप्टरच्या पार्टचं आयुष्य तासांत मोजतात, शिवाय वर्षांतही. तास भरले की चांगला दिसणारा भागसुद्धा उतरवायचा. रबरी सील तर फळीवर बसल्या बसल्या म्हातारं होतं. (हे मला कोणी समजावायला नको.) प्रत्येकाबरोबर त्याचा कागद, रशियन त्याला पासपोर्टच म्हणतात. कागद हरवला तर पार्ट असून नसल्यासारखा.

मी हसत होतो. भाचा थांबला.

"२०१० साली जम्मूला एक पडलं. माणसं वाचली, मशीन गेलं. २०१३ साली उत्तराखंडात पूर आला. रस्ते वाहून गेलेले. लहान हेलिकॉप्टरं माणसं काढत होती, पण त्यांना तेल कोण पोचवणार? गौचरला तेल घेऊन हेच गेलं. अशा वेळी वरून विचारतात, उडेल का? आणि आपण स्टोअरमध्ये रिकाम्या फळीकडे बघत असतो."

२०१९ साली चंडीगडला चिनूक आली. चांगली आहेत म्हणाला. पण सावत्र मुलाचं कौतुक करावं तसं.

मग स्वतःच माळ्यावर चढला. पोतं ओतलं. इंजेक्टर, रिंगा, तांब्याचे वायसर, सगळं रॉकेलच्या फडक्याने पुसून ओळीने मांडलं. एक इंजेक्टर मेणकागदात तसाच होता. कधी बसवलेलाच नव्हता. भाच्याने जुन्या लग्नपत्रिकेची पाठ कोरून चिठ्ठी केली आणि त्याला दोऱ्याने बांधली. सौ.ने चष्मा लावून वाचलं: 'तास शून्य.'

"म्हणजे नवाच की हो हा!" ती म्हणाली, आणि पोत्याचं तोंड बांधायला स्वतः सुतळी शोधू लागली.

भंगारवाला अंगणात उभा होता. त्याला पंखा दिला.